रंग न चढलेली जागा

"आक्का, पोराच्या शर्टाला डाग राहू द्या हं," शेजारच्या शिंपीणबाई कापड पुढे करत म्हणाल्या.

"डाग काय माझ्या हातात आहे? राहायचा तर राहील," उकळत्या पातेल्यात काठी फिरवत आक्का म्हणाली.

गिऱ्हाइकाने डाग मागावा आणि रंगारणीने हात वर करावेत, असा उफराटा धंदा त्या लढाईतच पाहिला, असं गल्लीतली म्हातारी माणसं अजून हसून सांगतात. गणवेश पुरत नव्हते. फौजेत निघालेली पोरं घरचेच शर्ट खाकी करायला आक्काकडे आणत. काही शर्टांच्या खालच्या काठाला बोटभर जागा तशीच राहायची. कितीही उकळा, तिथे मूळ रंग हटायचा नाही. आधी आक्काला आपल्या हाताची लाज वाटली. मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं, की डागवालेच तेवढे घरी परततात. ज्याचा शर्ट सुरेख रंगला, त्याच्या घरी तार येते.

आणि एके दिवशी आक्काचा धाकटा भाऊच शर्ट घेऊन उभा राहिला. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. त्याच्या त्या निळ्या शर्टाच्या बाह्यांना तिने दोनदा पट्टी जोडली होती, तरी मनगटं उघडीच.

आक्काने शर्टाचा काठ चिमटीत धरला आणि त्याला दोरा करकचून आवळला.

"कुणाला फसवतेस गं?" लंबूने विचारलं.

"ज्याला फसवायचं त्याला. तू गप बस."

शर्ट उकळला, खळबळला. आक्काने दोरा कापला. दोऱ्याखालीही खाकीच होता, कुठे कमी नाही की जास्त नाही. तिने तो काठ पुन्हा पुन्हा चोळून पाहिला.

लंबूने शर्ट उजेडात धरला. त्यालाही सगळं ठाऊक होतं. "वा! जन्मात पहिल्यांदा आक्काला एक शर्ट धड जमला!" म्हणत त्याने तो तसाच अंगात चढवला.

"अरे ओला आहे, सुकू दे तरी."

"चालता चालता सुकेल."

तिने त्याच्या बाह्या खाली ओढून पाहिल्या. मनगटापर्यंत काही पोचल्या नाहीत.

तार आली तेव्हा ती कापडं वाळत घालत होती. राहिलेली सगळी घालून झाल्यावरच ती खाली बसली, आणि मग मात्र तिला कुणाच्याने आवरेना.

लढाई संपली. परतलेली पोरं शर्ट घेऊन येऊ लागली. "आक्का, पूर्वीसारखा करून द्या." ती डाग बघायची आणि तोच रंग कालवायची. कुणाचा पांढरा निघायचा, कुणाचा पिवळा. निळ्याचं पातेलं मात्र रोज सकाळी सगळ्यांच्या आधी चुलीवर चढलेलं असे.

"निळं कुणाचं हो?" शिंपीणबाईंनी एकदा न राहवून विचारलं.

"आहे एकाचं," आक्का म्हणाली आणि पाणी आटलं होतं म्हणून तिने त्यात आणखी तांब्याभर ओतलं.