पाचवी खूण

माझ्या मुलाचा मित्र सिद्धांत आमच्याकडे आला की आधी बाल्कनीतून खाली बघायचा आणि म्हणायचा, "गाझियाबाद इतकंही वाईट नाहीये, अंकल." दर वेळी हेच. तो गुडगावला राहतो. आमची कीव करायला कोणी तासन् तास ट्रॅफिकमधून गाडी हाकत येत नाही. त्याचं काम अडलेलं होतं, आणि ते माझ्या सुनेकडे, देवयानीकडे अडलेलं होतं.

देवयानीचं काम मला तिनेच समजावून सांगितलं आहे. कंप्युटरला हुकूम द्यायची एक भाषा असते. त्या भाषेसोबत तयार कामांचा एक संच येतो, स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात त्याला. फाईल उघडणं, यादी लावणं, वेळ मोजणं, असली रोजची कामं. भाषा वापरणारा जगात कुठेही असो, संच त्याच्याकडे असतोच, आणि तो न तपासता त्यावर विसंबतो. म्हणून संचात एकदा घातलेली गोष्ट पुन्हा काढत नाहीत. काढली तर तिच्या आधारावर उभे असलेले लोकांचे प्रोग्राम कोसळतील. चुकीची निघाली तरी ती तिथेच राहते. फार तर शेजारी 'वापरू नये' असं लिहितात, आणि लोक ते न वाचता वापरत राहतात.

या संचाची निगा राखणारे पाच जण आहेत, त्यांतली देवयानी एक. नवीन काही घालायचं तर पाचही जणांनी आपापल्या नावापुढे खूण करावी लागते. सहा वर्षं लोकांच्या चुका निस्तरल्यावर तिला ही जागा मिळाली होती.

आतल्या सगळ्यासकट अख्खा फोल्डर पुसायचं काम संचात आधीपासून होतं. सिद्धांतने तेच नव्याने लिहिलं होतं, जास्त वेगवान. वेग आला कुठून? जुनं काम प्रत्येक पायरीला बघायचं, की आपण पुसतोय ते याच फोल्डरमधलं आहे ना. कारण फोल्डरमध्ये कधीकधी दुसऱ्या जागेकडे नेणारी नुसती पाटी असते. पाटी पुसायची, पाटीमागे जाऊन दुसऱ्याचं घर पुसायचं नाही. सिद्धांतचं काम सुरुवातीला एकदा बघायचं आणि मग डोळे मिटून पुसत सुटायचं. तेवढ्यात कोणी मुद्दाम मध्ये पाटी लावली, तर परक्याच्या फायली साफ.

देवयानीने याचं काय करणार म्हणून लिहून विचारलं. त्याने उत्तरात वेग किती वाढला याचा एक रंगीत आलेख पाठवला. बाकीच्या चौघांनी आलेख बघून खूण केली. चौघेही मोठ्या कंपन्यांतले, बोलायला फार गोड. अशी माणसं वाचत नाहीत, एकमेकांचं कौतुक करतात.

राहिली पाचवी खूण. शुक्रवारी नवीन आवृत्तीत भर घालायची मुदत संपणार होती आणि सिद्धांतच्या बढतीच्या अर्जात हे काम आधीच 'झालं' म्हणून लिहिलेलं होतं. म्हणून गुरुवारी दुपारी साहेब आमच्या टेबलावर थालीपीठ खात बसले होते.

"देवयानी, तू एज केस पकडून बसलीयस, यार. असं लाखात एकदा होतं."

"दुसऱ्याच्या फायली पुसल्या जातात त्याला एज केस म्हणतात?"

"थिऑरेटिकली!"

"मधला तपास घाल, मी आत्ता खूण करते."

"मग स्पीड जातो ना."

"जाऊ दे."

"अगं, मग ते जुन्यासारखंच होईल."

"होईल. मग नवीन कशाला हवंय?"

सिद्धांत हसला. तो असा हसतो, जणू समोरच्यालाच विनोद कळला नाही. मी करोल बागेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्टीवर आयुष्य काढलं. खोटी चांदी घेऊन येणारे असेच हसायचे. त्यांच्याकडे निदान आलेख नसायचा.

माझा मुलगा सुजय मध्ये पडला. "देवू, चलो ना, एक टिक तर आहे. सिद्धांत काय परका आहे का?"

सुजयला सिद्धांतच्या कंपनीत शिरायचं होतं. त्यासाठी तो गेला महिनाभर सिद्धांतच्या प्रत्येक वाक्याला 'बिल्कुल' म्हणत होता. पोटचा मुलगा आहे, पण ते ऐकताना मला टीव्हीचा आवाज वाढवावासा वाटायचा.

देवयानी उठली आणि लेकीला, राधाला, शाळेच्या बसवरून आणायला खाली गेली. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. आमच्या घरात कोणी कोणाचं कुलूप तपासत नाही.

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. सुजय तिच्या खुर्चीत बसला. सिद्धांत त्याच्या मागे दोन हात लांब, हात पाठीशी बांधून, देवळात मूर्ती बघावी तसा उभा.

"खाली जा. अजून खाली. तिचं नाव दिसतंय? त्याच्या बाजूचा चौकोन."

"तूच कर ना."

"नाही नाही, मी हात लावणं एथिकल नाही."

मी विचारलं, "काय चाललंय रे?"

"काही नाही, अण्णा. सिद्धांतला एक गोष्ट दाखवतोय."

"थालीपीठ एकदम ऑथेंटिक होतं, अंकल," सिद्धांत म्हणाला आणि बूट घालायला लागला. देवयानी लिफ्टमधून वर येईपर्यंत तो निघून गेला होता.

तिने राधाचं ताट वाढलं आणि लॅपटॉपसमोर बसली. पाचही खुणा पूर्ण झाल्याची सूचना आली होती.

"अण्णा, इथे कोण बसलं होतं?"

"सुजय. सिद्धांत मागून सांगत होता कुठे दाबायचं ते."

सुजय बेडरूममधून आला. माझ्याकडे असं बघितलं जणू दगा मी दिला. "अरे यार, काढून टाक टिक. विषय संपला."

"काढली तरी लागली होती हे सगळ्यांना दिसतं. आणि माझ्या नावावर दुसरा कोणीही खूण करू शकतो, हे मी दाबून ठेवलं तर आजवरच्या माझ्या खुणांवर कोणी का विश्वास ठेवावा?"

"मग काय करणार?"

"खातं दुसऱ्याच्या हाती गेलं तर लगेच सांगायचं आणि चौकशी होईपर्यंत अधिकार सोडायचा. नियम आहे."

"अधिकार सोडायचा? पागल आहेस का? सहा वर्षं घातलीस त्यात!"

"हे तुला टिक करताना आठवलं नाही?"

सुजयने मान खाली घातली. मला वाटलं, लाज वाटली. पण तो विचार करत होता. मग म्हणाला, "राधाने दाबलं म्हणून लिही. लहान मूल आहे. कोण काय बोलणार?"

पाच वर्षांची पोर, तोंडात वरणभाताचा घास. तिने मान वर केली. "मैंने नहीं दबाया, पप्पा. मी तर बसमध्ये होते."

यावर सुजयला कुठेतरी बघायचं होतं. त्याने फ्रीज उघडला, काही न घेता बंद केला.

देवयानीने प्रस्तावाच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. थोडकंच लिहिलं: ती खूण माझी नाही. माझं खातं माझ्या कुटुंबातल्या व्यक्तीने वापरलं. प्रस्तावाला माझा विरोध आहे, कारणं आधी दिलीच आहेत. माझे अधिकार काढून घ्यावेत. सिद्धांतचं नाव तिने घातलं नाही. मी म्हटलं, "त्याला कशाला सोडतेस?"

"मी डोळ्यांनी बघितलं नाही, अण्णा."

पण त्याला वाचवणं तिच्या हातात राहिलंच नाही, सिद्धांत स्वतःच धावत आला. त्याने सगळ्या जगासमोर तिच्या मजकुराखाली लिहिलं: 'मी तिथे हजर होतो, पण लॅपटॉपला हात लावलेला नाही.' कोणी विचारलं नव्हतं. तो हजर होता हे कोणाला माहीतही नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, स्वतःच्या सफाईवर इतका खूश, की चोरी कशी झाली ते सांगून मोकळा झाला. मग त्याने देवयानीला फोन केला. "पब्लिकमध्ये कशाला, यार? मला पर्सनली सांगायचं ना." तिने फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत त्याचा प्रस्ताव बंद झाला. आलेखाचं कौतुक करणाऱ्या चौघांनी आता आपल्यालाही आधीपासून शंका होती असं लिहिलं. देवयानीचे अधिकार गेले. परत कधी मिळतील, मिळतील की नाही, ते चौघंच ठरवणार. आभार मात्र सुंदर मानले तिचे.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने तसाच प्रस्ताव आला, नवीन आलेखासकट. तिच्या नावापुढे आता चौकोन नव्हता. तरी ती बसली, कोड उघडलं आणि मधला तपास कुठे नाही ते ओळ धरून लिहायला लागली, बाहेरचा कोणीही लिहू शकतो तसं.

सुजय तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. सिद्धांत त्याचा फोन आताशा उचलत नाही, त्यामुळे त्याला घरात बराच वेळ असतो.

"तुझी टिक तर राहिली नाही," तो म्हणाला. "मग आता याचा उपयोग काय?"

ती लिहीत राहिली. मीच म्हटलं, "उपयोग तुला कळायचा नाही. तू खुर्चीपासून लांब उभा राहा."