अखंड टायगर

पाळीव कुत्र्यांची नसबंदी सक्तीची होणार, ती केल्याशिवाय परवाना मिळणार नाही, अशी बातमी टेमघरात पोहोचली आणि हरेश भोईरला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं. शेतजमिनीवर गोदामं उभी राहून भाडं सुरू झाल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्यानं श्वानपालक हक्क समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाला आणि आपल्या जर्मन शेफर्डला, टायगरला, शेजारी बसवून बॅनर छापला. बॅनरवर टायगरपेक्षा हरेशचा गॉगल मोठा दिसत होता.

समितीच्या बैठका त्याच्याच ओट्यावर भरत. चहा त्याची बायको रीमा करायची. टायगरला आंघोळ घालणं, त्याच्या गोचिड्या काढणं, त्याची घाण उचलणं हेही तिच्याकडेच होतं. आतून तिला सगळं ऐकू येई. समितीतला मितेश म्हणे, कुत्र्याचं पुरुषपण काढणं म्हणजे त्याचा आत्माच काढणं. दुसऱ्या सभासदानं, सावळारामनं, तर हा संस्कृतीवरचा घाला ठरवून टाकला होता. मुक्या जिवांसाठी गळा काढणाऱ्या या मंडळींपैकी एकालाही आपला कुत्रा सकाळी काय खातो हे सांगता आलं नसतं, अशी रीमाची खात्री होती.

आंघोळ घालतानाच एकदा तिच्या हाताला गाठ लागली. टायगरचं एक वृषण सुजून दगडासारखं झालं होतं. त्याला रिक्षात घालून ती जनावरांच्या डॉक्टर धम्मदिना यांच्याकडे गेली. त्यांनी तपासून सरळ सांगितलं, दोन्ही काढून टाकावी लागतील. उशीर केला तर गाठ पोटात पसरेल.

जेवताना तिनं हे हरेशच्या कानावर घातलं. त्याला आधी हसू आलं, मग समितीची पुढच्या महिन्यातली जाहीर सभा आठवली. अध्यक्षाचाच कुत्रा कापला तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्याचं म्हणणं. सभा होऊ दे, मग बघू, तोवर गोळ्या दे.

"नराच्या जातीला असलं करायचं नसतं, निसर्गाच्या विरुद्ध जातं ते," तो म्हणाला. "रगच जाते त्याची. मग जगून तरी काय उपयोग हाय?"

हे रीमानं आधीही ऐकलं होतं. धाकटी दिशा झाली तेव्हा दोन मुलं पुरे असं घरात ठरलं, पण ऑपरेशन कुणी करायचं हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पुरुषाला अशक्तपणा येतो म्हणून हरेश घरी राहिला आणि ओल्या बाळंतिणीच्या पोटावर टाके पडले. ते पिकले. ती माहेरी वज्रेश्वरीला तापानं फणफणत पडली होती, तेव्हा निसर्गाची आठवण कुणालाच झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात समितीची मंडळी सभेच्या तयारीसाठी एका रिसॉर्टवर गेली. तयारीत पोहणंच जास्त होतं. तेवढ्यात रीमानं टायगरचं ऑपरेशन उरकून घेतलं. भूल उतरेपर्यंत तो जीभ बाहेर टाकून पडला होता, आणि आपण त्याला मारलं की काय या भीतीनं ती त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती. शेवटी त्यानं डोळे उघडले, तिचा वास घेतला आणि मांडीवर मान टाकली. हरेश परतला तेव्हा कुत्रा मागच्या खोलीत होता. ताप आलाय, असं ती म्हणाली. तेवढं त्याला पुरलं. टाके निघाले, टायगर अंगणात फिरू लागला, तरी हरेशला काही दिसलं नाही. दिसायला आधी बघावं लागतं.

सभा लग्नाच्या हॉलमध्ये झाली. हरेशनं टायगरला साखळी धरून मंचावर नेलं. हा माझा टायगर, निसर्गानं दिला तसा अखंड, असं सांगून त्यानं टाळ्या घेतल्या. ही नजर, ही रग कापलेल्या कुत्र्यात दिसते का, असं त्यानं विचारलं. टायगरनं जांभई दिली. रीमा पहिल्या रांगेत गप्प बसली होती आणि गप्पच बसणार होती. पण हरेश पुढे म्हणाला की ऑपरेशन करून आणणाऱ्यांच्या काळजात मुक्या जनावराबद्दल माया नसते. मग मितेशनं, बायकांचाही पाठिंबा दिसावा म्हणून, वहिनींना दोन शब्द बोलायची विनंती केली.

रीमानं माईक घेतला. "टायगरचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "गाठ होती. काढली नसती तर मेला असता. मीच करून आणलं."

मग सावळाराम, संस्कृतीचा तो रखवालदार, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकला आणि कुत्र्याच्या मागे डोकावला. त्याच्यामागून मितेश वाकला. मग मंचावरचे सगळेच पाळीपाळीनं वाकले. एकट्या हरेशला वाकता येईना.

घरी तो खूप बोलला. चार लोकांत नाक कापलंस, मला विचारायचं तरी होतंस, असं म्हणाला. विचारलं होतं, तुम्ही गोळ्या द्यायला सांगितल्यात, एवढंच रीमा म्हणाली आणि भाकरी करायला बसली. समितीनं त्याला अध्यक्षपदावरून काढलं. मितेश अध्यक्ष झाला आणि त्यानं पहिल्याच बैठकीत हरेशच्या निषेधाचा ठराव केला.

टायगर बरा आहे, अंगानं भरलाय. हरेश त्याला बाहेर नेत नाही, लाज वाटते म्हणतो. रोज संध्याकाळी रीमाच नेते. वाटेत समितीची माणसं भेटतात. ती आधी कुत्र्याकडे मागून बघतात, मग तिला नमस्कार करतात.