आशीर्वाद देऊन दिलेला कागद

आमच्याकडे घर धाकट्या मुलाचं. थोरल्यांनी वेगळ्या चुली मांडायच्या, मुलींनी परक्या घरी जायचं आणि शेंडेफळाने आईबापाजवळ राहून त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचं. आमचं शेंडेफळ म्हणजे माझा भाऊ माक्सात. तो बिश्केकला जाऊन बसला तो बसलाच. आकेंना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांभाळलं मी, नवऱ्याने टाकलेल्या जिपारने. नऊ वर्षं. तळ्याकाठचं हे घर आणि मागची जर्दाळूची झाडं सोडली, तर मला जगात दुसरं छप्पर नाही.

तीन वर्षांपूर्वी आकेंचे गुडघे गेले. जमिनीच्या कामासाठी काराकोलच्या कचेरीत सारखे हेलपाटे पडत, म्हणून माक्सातला मुखत्यार करायचं ठरलं. अधिकार कामापुरता द्यायचा की पूर्ण, असं नोटरीने विचारलं, तर आके म्हणाले, पोटच्या पोरावर अर्धामुर्धा विश्वास कसला ठेवायचा? झालं. घर विकण्याचासुद्धा अधिकार त्या कागदात आला. वर आकेंनी मेंढा कापला, भावकी जेवायला बोलावली आणि सगळ्यांसमोर तळहात पसरून, आशीर्वाद देऊन तो कागद माक्सातच्या हातात ठेवला.

त्यानंतर दोन हिवाळे हा पठ्ठ्या फिरकलाही नाही. गेल्या शरदात आकेंनी आपण होऊन नोटरीणबाईंना, गुल्सूनना, घरी बोलावलं आणि मृत्युपत्र केलं. आपल्यामागे घर आणि बाग जिपारला. भावकीत बोभाटा नको म्हणून गुपचूप. मी चहा ओतत होते, निम्मा बाहेर सांडला. कुणी मला काही देईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

गुल्सूनबाईंनी निघताना आकेंना स्पष्ट सांगितलं, "अक्साकाल, एवढ्यावर भागत नाही. मुलाकडचा तो मुखत्यारीचा कागद आधी रद्द करा."

आके कधी नव्हे ते तडकले. "हात पसरून दिलेलं परत घेतलं की आशीर्वादाचा शाप होतो, बाई. मी माझ्याच पोराला शापू?"

मीही, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, म्हणाले की राहू दे. मागाहून लिहिलेला कागद आधीच्या कागदाला खातो, अशी माझी ठाम समजूत.

या जुलैत आके गेले. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला मी पहाटेपासून पिठाचे बोरसोक तळले, दीडशे माणूस जेवलं, आणि सगळ्यांत मोठ्याने रडला तो माक्सात. दुसऱ्या दिवशी मृत्युपत्र घेऊन मी गुल्सूनबाईंकडे गेले. त्यांनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढला. घर मार्चमध्येच विकलं गेलं होतं. विकणारा माक्सात, आकेंचा मुखत्यार म्हणून. घेणारा त्याच्या बायकोचा भाऊ, ज्याला तळ्याकाठी पाहुण्यांसाठी तंबू टाकायचेत.

"मुखत्यारपत्र माणसाबरोबर मरतं," त्या म्हणाल्या, "आणि मृत्युपत्र माणूस मेल्यावर जागं होतं. तो जिवंत असताना जे गेलं, ते मृत्युपत्राच्या हाती लागत नाही, जिपार. माणसाच्या नावावर मरताना जे उरलं असेल तेवढंच ते देऊ शकतं."

एकच वाट होती. वडिलांना अंधारात ठेवून विकलं असेल, तर कोर्टात भांडता येईल. मी तशीच तरातरा घरी आले. माक्सात गाडीत सामान भरत होता. मृत्युपत्र त्याच्यापुढे नाचवत मी त्याला नाही नाही ते बोलले. चोर म्हटलं, केसाने गळा कापलास म्हटलं. त्याला ना लाज ना शरम. धाकटा मी, घर माझंच होतं, एजे, तू लिहून घेतलंस म्हणून ते तुझं होतं होय, असं थोरल्या बहिणीलाच, मला, ऐकवायला लागला.

"अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या पाठीमागे विकलंस," मी म्हणाले. "कोर्टात सांग हे."

"पाठीमागे नाही. विकलं त्याच संध्याकाळी आकेंना सांगितलं. तू गोठ्यात होतीस."

मी विचारलं, काय म्हणाले?

आता मात्र त्याने मान खाली घातली. "रडले. मग म्हणाले, मी मरेपर्यंत जिपारला कळू देऊ नकोस. कळलं तर ती निघून जाईल. मग माझं कोण करणार?"

खोटारड्या म्हणायला मी तोंड उघडलं आणि आठवलं. माक्सात मार्चमध्ये एक रात्र येऊन गेला, त्यानंतर दोन दिवस आकेंनी शोर्पोच्या, मटणाच्या रश्श्याच्या, वाडग्याला हात लावला नव्हता. विचारलं तर म्हणाले, दात दुखतोय. मी लवंग उगाळून लावली.

मार्च ते जुलै. कूस बदलली, नखं कापली, रात्री तीनतीनदा उठले. आणि आके रोज संध्याकाळी खिडकीतून बाग बघत म्हणायचे, हे सगळं तुझंच आहे, पोरी. मार्चनंतरही म्हणायचे.

कोर्टात मी गेले नाही. महिनाअखेर घर रिकामं करायचंय, करीन. भाऊ तसला निघाला, तेही एक वेळ पचवीन. पण मार्चमध्ये मला कळलं असतं, तरी मी आकेंना सोडून गेले नसते. नऊ वर्षं माझ्या हातून जेवले, आणि माझ्या बापाला एवढंही माहीत नव्हतं.