तेजोबाबाची बॅटरी

कोल्हारच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. राहुरीकडचे, शेवगावकडचे टेम्पो बाहेर उन्हात तापत उभे होते आणि आत भर दुपारी मिट्ट काळोख केला होता. शेतात अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर खिडक्यांना ठोकलेला. पंखे बंद. ज्योतीला वारा चालत नाही, असं दारातला सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता. घामाच्या आणि धुपाच्या वासानं डोकं भणभणत होतं, तरी माणसं माना उंचावून स्टेजकडे बघत होती.

"हे काय आहे?" तेजोबाबांनी जाड, लांब दांड्याची एक वस्तू वर धरली. "बॅटरी! दुकानात मिळते ती. मी कशाला खोटं बोलू? पण माउली, देव दगडात येतो, मग बॅटरीत यायला त्याला कुणाची परवानगी लागते का?"

लोक खूश होऊन हसले.

"रंभाजीराव, या. तुमच्या हातानं लावा."

रंभाजी म्हणजे गावातलं वजनदार माणूस, कार्यालयाचा कारभार त्यांच्याकडेच. त्यांनी पुढे येऊन बटण दाबलं. काचेआड निखाऱ्यासारखी तांबूस धुगधुगी दिसली, बस्स. त्यांनी बॅटरी हलवून पाहिली, चापट मारली. धुगधुगी तेवढीच.

"बघा! संसारी माणसाच्या हातात देव झोपतो." बाबांनी बॅटरी घेतली, डाव्या हाताची मूठ तिच्या बुडाशी आवळली आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. धुगधुगी केशरी झाली, केशरी पिवळी झाली, आणि पहाट उजाडावी तसा पांढराशुभ्र झोत हळूहळू फुलत गेला. काजळात बुडवलेली कापसाची वात बाबांनी चिमट्यात धरून काचेपुढे आणली. वातीतून धूर निघाला आणि भपकन जाळ झाला. काडी नाही, तेल नाही! सभागृहातून एकच हुंकार उठला. पुढच्या बायांनी जमिनीला कपाळ टेकलं.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या दीपाच्या गालाला त्या झोताची धग लागली. ती तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. हा सगळा तमाशा आहे हे तिला आत पाऊल टाकतानाच कळलं होतं. पण शेजारी सासू बसली होती, आणि सासूचे दोन्ही हात जोडलेले होते.

छबूबाईंना काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्यात जी नजर उरली होती ती रोजच्या थेंबांवर टिकून होती. देवळाली प्रवराहून त्यांना इथं आणायचं दीपाच्या मनात नव्हतं. पण रंभाजी छबूबाईंचे सख्खे भाऊ, त्यांनी पुढची जागा राखून ठेवलेली, आणि दीपाचा नवरा गोरक्ष म्हणाला होता, "एकदा जाऊन तर या, त्यात काय जातंय?"

छबूबाईंना स्टेजवर नेलं. बाबांनी त्यांना डोळे मिटायला लावून झोत पापण्यांवर धरला.

"माय, काय दिसतंय?"

"तांबडं... लई तांबडं दिसतंय, बाबा!"

"ती तुझी नजर! जागी झाली! डॉक्टर काय करतो? यंत्र लावतो. ज्या यंत्राला स्वतःला डोळा नाही, ते तुझा डोळा काय बघणार? आणि ते थेंब आजपासून बंद. थेंब म्हणजे पाणी. पाण्यानं ज्योत पेटते का विझते?"

"विझती," छबूबाई भाविकपणे म्हणाल्या.

दीपाला वाटलं, आत्ता उठून ओरडावं. ती उठलीही. "बाबा, थेंब बंद करायला सांगणारे तुम्ही कोण?" एवढंच तिला म्हणता आलं. मागून चार जणांनी "खाली बसा!" केलं, एका सेवेकऱ्यानं तिला दंडाला धरून बसवलं, आणि सासूनं स्टेजवरूनच लाजेनं मान फिरवली.

घरी आल्यावर खरी डोकेफोड सुरू झाली. दीपानं काचबिंदू म्हणजे काय ते पुन्हा सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस दबत जाते, दुखत नाही की खुपत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. छबूबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आगं, पन थेंब सोडल्यापासून डोळं चुरचुरत न्हाईत. लाली गेली. मला बरं वाटतंय त्यात तुझ्या पोटात का दुखतंय?"

चुरचुर थेंबांमुळे होत होती, हे खरंच होतं. थेंब बंद, चुरचुर बंद. बाबाचा गुण आल्याचा पुरावा आयता मिळाला होता. या गोष्टीनं दीपा जितकी चिडली, तितकी त्या गर्दीनंही चिडली नव्हती.

"अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना," ती गोरक्षला म्हणाली.

गोरक्ष साखर कारखान्यात कामाला होता. डोक्यानं बरा, पण आईपुढे मऊ. "तू म्हनतीस ती नुसती बॅटरी हाय. मग मामाच्या हातात का न्हाई लागली? वात कशी पेटली? एवढी मानसं काय खुळी हायती?"

"ट्रिक आहे ती."

"कंची?"

रोज वर्गात पोरांना सर्किट शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या घरात एका बॅटरीचं उत्तर देता येत नाही! तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या. छबूबाई म्हणाल्या, मला न्यायचं आसंल तर बांधून न्या.

मग दीपानं बॅटरीच बनवायला घेतली.

आधी ती एलईडीच्या मागे लागली, आणि तिथंच फसली. एलईडीचा उजेड थंड असतो, त्यानं वात काय, केससुद्धा जळत नाही. मग तिला गालावरची धग आठवली. आणि तो तांबूस ते पांढरा असा चढत गेलेला रंग. तो तारेचा बल्ब होता! जुन्या धाटणीचा, हॅलोजनचा, गाडीच्या हेडलाइटसारखा. तिनं मोठ्या बॅटरीचं रिकामं नळकांडं मिळवलं, बारा व्होल्टचा जोरकस बल्ब बसवला आणि उजेड पांढरा व्हावा म्हणून त्याला झेपेल त्याहून जास्त सेल जोडले. बटण दाबलं. डोळे दिपवणारा एक लखलखाट, आणि बल्ब गेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्यानं तर काचच काळी केली. आयटीआयच्या प्रयोगशाळेत ती एकटीच कपाळाला हात लावून बसली. बाबाचा बल्ब कसा टिकतो?

कारण मात्र ती दर वर्षी शिकवत आली होती. गार तारेतून वीज एकदम जोरात घुसते. ताज्या सेलचा पूर्ण दाब एका झटक्यात दिला तर तार तुटणारच. दाब हळूहळू चढवायला हवा आणि बल्ब सोसेल तिथं थांबवायला हवा. म्हणजे मध्ये व्होल्टेज रेग्युलेटर हवा. तिनं सर्किट जुळवलं, तळहाताएवढ्या पट्टीवर सोल्डरिंगचे डाग दिले आणि बटण दाबलं. तार तांबूस झाली, केशरी झाली, पांढरी झाली. तो बाबाचा 'पहाटेचा' उजेड तिच्या टेबलावर फुलला, आणि दीपाला आनंद होण्याऐवजी संतापच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईचा डोळा पणाला लागला होता!

रंभाजींच्या हातात ती का लागली नाही, हे कोडं उरलं. दीपानं तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला. पुटपुटण्याआधी बाबांनी डावी मूठ बुडाशी आवळली होती, आणि त्या हाताच्या बोटात जाडजूड अंगठी होती. दाराच्या अलार्ममध्ये ती पोरांना जो स्विच दाखवायची तो तिनं काढला. काचेची बारीक नळी, लोहचुंबक जवळ आलं की आतल्या पट्ट्या आपोआप जुळणारी. ती बुडाशी चिकटवली. चुंबक दूर, तर रेग्युलेटर धुगधुगीवर थांबलेला. चुंबक जवळ, तर देव जागा.

बाबांची पुढची बैठक भरली तेव्हा दीपा सासूला आणि गोरक्षला घेऊन पुन्हा कोल्हारला गेली. या वेळी सासू खुशीत होती, सुनेला अक्कल आली असं तिला वाटलं. बाबांनी "कोण लावतंय?" विचारताच दीपा पिशवी घेऊन थेट स्टेजवर चढली.

"मामा, मला थोडा वेळ द्या," ती रंभाजींना म्हणाली. "मग हवं तर हाकलून द्या."

सेवेकरी धावले, पण रंभाजींनी हात वर केला. भाचसुनेला भर सभेत ओढून काढणं त्यांना बरं दिसलं नसतं. दीपानं आपली बॅटरी काढली आणि रंभाजींना लावायला दिली. तांबूस धुगधुगी. मग स्वतः घेतली, मूठ बुडाशी आवळली. झोत फुलत फुलत पांढरा झाला. तिनं काजळातली वात पुढे धरली. धूर, आणि जाळ.

आणि मग जे घडलं त्याची तिनं कल्पनाच केली नव्हती. पुढची एक म्हातारी उठली आणि तिच्या पायांवर पडली.

"देवी आली! बाईच्या अंगात आली!"

"माझ्या नातीच्या डोळ्यावर धर गं आई!"

बायांची रीघ लागली. बाबाही कच्चे नव्हते, "आमचीच कृपा, आमचीच शिष्या!" म्हणून त्यांनी हात उंचावला. दीपाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

"अहो, उठा! पाया कसल्या पडता? कुणी अंगात आलं नाही!" ती किंचाळलीच. "डोकी वर करा आणि हे बघा!"

तिनं तिथंच खाली बसून बॅटरी उघडली. आतले सेल एकेक करून बायांच्या हातात दिले. बल्ब दिला. सर्किटची पट्टी उंच धरली. "घरात पंख्याला रेग्युलेटर असतो ना? पंखा आधी हळू, मग जोरात. तसा हा बल्बचा रेग्युलेटर. वात काजळात का बुडवतात? काळ्या रंगाला ऊन लवकर लागतं म्हणून. आणि हा देव." तिनं मूठ उघडली. बोटांमध्ये लपवलेली चुंबकाची चकती होती. "बाबांच्या अंगठीत हेच आहे." तिनं बॅटरी पुन्हा जोडली आणि सासूला वर बोलावलं. "आई, हे हातात धरा. आता मूठ इथं आणा."

छबूबाईंच्या हातात झोत फुलला. त्यांनी मूठ दूर नेली, तो मावळला. पुन्हा जवळ नेली, फुलला. त्या कितीतरी वेळ तेच करत राहिल्या.

"आन् मग मला तांबडं दिसलं ते?" त्यांनी हळूच विचारलं.

दीपा खिडकीशी गेली आणि मल्चिंग पेपर टर्रकन ओढला. उन्हाचा पट्टा सभागृहात घुसला. "सगळ्यांनी डोळे मिटून उन्हाकडे तोंड करा. काय दिसतंय?"

"तांबडं," कुणीतरी म्हणालं. "तांबडंच की!" चहूकडून आवाज आले.

"पापणीतलं रक्त आहे ते. तुम्हाला दिसतं, मला दिसतं. त्यानं नजर येत नाही."

रंभाजी बाबांकडे वळले. "बाबा, अंगठी काढून ठिवा. आन् आता पेटवा."

"ही जागा बाटली," बाबा गरजले. "इथं ज्योत येणार नाही."

"मग बॅटरी तरी उघडून दाखवा."

बाबांनी बॅटरी छातीशी धरली आणि सेवेकऱ्यांच्या गराड्यात मागच्या दारानं निघून गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. निम्मी माणसं बाबांवर चिडून उठली. पण जाता जाता एक जण दीपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईची डुप्लिकेट हुती. बाबाची खरी हुती." त्यावर माना डोलावणारेही होते. सेल गोळा करता करता दीपा थांबली. उघडं करून हातात दिलं, तरी हे!

नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. दाब बराच वाढला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी आकसली होती. "जी गेली ती गेली," ते म्हणाले. "उरलेली सांभाळू. थेंब चुरचुरत असतील तर बदलून देतो, पण सोडायचे नाहीत."

बदलून मिळतात! हे कुणी आधी विचारलंच नव्हतं, दीपानंसुद्धा नाही. गोरक्ष भिंतीला टेकून उभा राहिला. "मीच जा म्हनलो," तो पुटपुटला. दीपाला त्याला खूप काही सुनावायचं होतं. पण तिनं नव्या थेंबांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि ती बाहेर आली.

बाहेर बाकावर छबूबाई दुसऱ्या एका बाईशेजारी बसल्या होत्या. ती केशरबाई, पाथर्डीकडची. आपल्या मोतीबिंदूचं गाऱ्हाणं सांगत होती. चिरफाडीची भीती वाटते, आणि तिकडं एक बाबा आलाय म्हणतात, नुसत्या उजेडानं बरं करतो, तिकडंच जावं म्हणते.

दीपा पुढे सरसावली, तिच्या ओठांवर रेग्युलेटर, तार, चुंबक सगळं आलं. पण छबूबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"जा की," त्या केशरबाईंना म्हणाल्या. "पन गेल्यावर त्याला म्हनावं, बाबा, आदी ती बॅटरी उघडून दाव. डाक्टरला इचारलं तर त्यो सांगतो, औशद का देतोय, काय हुईल, काय न्हाई हुनार. मी इचारलं न्हाई, म्हनून माजी एवढी नजर गेली." त्यांनी डाव्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं. "जो उघडून दावत न्हाई ना बाई, त्याच्या म्होरं डोळं मिटायचं न्हाईत."