रेघ पुसलेले गुलाबी झाकण

मित्रांनो, मी औषध मोजायचे गुलाबी झाकण आहे. वय तीन वर्षे, म्हणजे झाकणाच्या मानाने म्हातारपणच.

साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर चार रेघा होत्या: अडीच, पाच, साडेसात आणि दहा. एका बाटलीवर बसून मी या घरात आले. इथल्या छकुलीला फिट यायची. ती येऊ नये म्हणून तिला सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिलिलिटर औषध द्यावे लागे, एकही वेळ न चुकवता. दर बाटलीबरोबर नवे पांढरे झाकण येई, पण माझ्याशिवाय छकुली तोंडच उघडत नसे. मला त्याचा कोण अभिमान!

आई मला रोज घासून लख्ख करी. घासता घासता रेघा पुसल्या आणि साडेसातची तेवढी उरली, तीही आकड्याशिवाय. आईचे काही अडले नाही. तिचा हात सवयीने रेघेच्या खालीच थांबे.

मग मावशीच्या बाळंतपणासाठी आई परगावी गेली. निघण्याच्या गडबडीत बाबांना म्हणाली, "पाच-पाच द्यायचं. झाकणावर रेघ आहेच."

बाबा घड्याळे दुरुस्त करणारे. केसाएवढी चूक त्यांना खपत नसे. मला डोळ्यांसमोर धरून ते औषध अगदी रेघेला भिडवत. माझा जीव टांगणीला लागला. सांगणार कसे? छकुली दिवसाही पेंगू लागली, चालताना अडखळू लागली. आईच्या आठवणीने कोमेजली असेल, असे बाबांना वाटले.

आई गेली त्याच सकाळी उघडलेली बाटली दोनशे मिलिलिटरची. रोजचे दहा, म्हणजे वीस दिवस पुरायला हवी. पण चौदाव्या दिवशी सकाळी औषध रेघेपर्यंत पोचायच्या आतच बाटली रिकामी झाली. बाबांच्या तोंडचे पाणी पळाले. संध्याकाळचे औषध चुकले आणि फिट आली तर? छकुलीला खांद्यावर टाकून, बाटलीसकट मला घेऊन ते औषधांच्या दुकानात धावले. कुठेतरी सांडले असेल, असे त्यांनी दुकानातल्या बाईंना सांगितले.

बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला.

"तेरा दिवसांत संपलं, म्हणजे रोज दहाच्या जागी पंधरा गेलं. दादा, सांडलेलं औषध असं मोजून सांडत नाही. ते झाकण बघू."

त्यांनी नव्या झाकणाने पाच मिलिलिटर पाणी मोजले आणि माझ्यात ओतले. ते रेघेच्या बरेच खाली राहिले. बाबांनी मान वळवून पाहिले. खांद्यावर छकुली गाढ झोपली होती. ती झोप कसली, हे त्यांना आता कळले.

बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी छकुलीला तपासले आणि दिवसभर नजरेखाली ठेवले. मी बाबांच्या खिशात होते. त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

हळूहळू छकुली सावरली, घरभर पळू लागली आणि तिने आधी मलाच मागितले. बाबा मला फेकून द्यायला निघाले, तर तिने रडून घर डोक्यावर घेतले. शेवटी त्यांनी घड्याळाची बारीक हत्यारे काढली आणि माझ्या बुडाला भोके पाडली. आता मी अंगणात तिची वाळू चाळते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटे सांगते. झाकणावर तुमचा कितीही जीव असो, त्याची रेघ पुसली की त्यात औषध ओतू नका. माझ्यात आता थेंबभर पाणीही राहत नाही, आणि मला निवांत झोप लागते.