बंद पडलेला चालू कॉम्प्युटर

"बघा तुम्हीच. बंद आहे की नाही?"

काकांनी टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावरचा पडदा लख्ख उजळलेला होता. त्यावर निळं तळं, तळ्यामागे डोंगर आणि खाली कोपऱ्यात घड्याळ, तेही बरोबर वेळ दाखवणारं. लिनक्सबाईंनी माउस हलवला, बाण सुरसुरत इकडून तिकडे गेला. एक फाइल उघडून पाहिली, ती उघडली. मिटून पाहिली, ती मिटली.

"काका, अहो चालू आहे हा."

"बंद आहे," काका म्हणाले. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात.

पंधरा दिवसांतली ही तिसरी तक्रार. दोनदा बाई आल्या, दोनदा त्यांनी चालू कॉम्प्युटर चालूच असल्याचं सिद्ध करून दाखवलं, दोनदा काकांनी मान डोलावली, आणि चार दिवसांनी पुन्हा फोन केला. कामात खोट काढणारी गिऱ्हाइकं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. पण डोळ्यांदेखत चालणारं मशीन बंद आहे म्हणणारा हा पहिलाच.

लिनक्सबाईंचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता लाइटबिलापुरतंच उरलं होतं. बारा वर्षं त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास चालवला. मग सगळ्यांच्या हाती फोन आले, क्लासातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि बाईंनी शटर खाली ओढलं. हातपाय गाळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्याला कंपनीनेही वाऱ्यावर सोडलंय असा जुना कॉम्प्युटर गाठायचा, त्याच्यात लिनक्स नावाची फुकटची कार्यप्रणाली घालायची आणि त्याला पुन्हा पायांवर उभं करायचं, हा उद्योग त्यांनी सुरू केला. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही आणि ते जुन्या मशीनला म्हातारं म्हणत नाही, एवढंच त्या गिऱ्हाइकाला सांगत. त्याहून जास्त गिऱ्हाइकाला नकोच असे.

इथलं काम काकांच्या मुलीने दिलं होतं, परगावाहून, फोनवर. "आईला जाऊन वर्ष होईल. तिचाच कॉम्प्युटर आहे, ती त्यावर टायपिंगची कामं करायची. बाबा तो रोज लावून ठेवतात, पण तो भयंकर आवाज करतो आणि मध्येच बंद पडतो. नीट करून द्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवर मला त्यांचा चेहरा तरी दिसेल."

बाईंनी तो नीट केला. आणि नीट म्हणजे कसा! पेटी उघडली तर आत धूळ इतकी, की एखादी उशी भरून निघाली असती. ती काढली. पंखा पुसला, त्याला तेल दिलं, त्याच्याखालचा, चिपला थंड ठेवणारा पण वाळून खडखडीत झालेला लेप खरवडून नवा लावला. खरखरणारी जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी, न फिरणारी, मुकी डिस्क बसवली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवायला घेतलं तर पडदा काळा ठिक्कर. दुसऱ्यांदाही काळा. तिसऱ्यांदा बाईंनी सुरुवातीच्या ओळीत एक शब्द वाढवला, या पडद्याशी जरा जपून वाग, असं सांगणारा, आणि चित्र उमटलं. मग वायफाय सापडेना, त्याची समजूत काढण्यात आणखी दोन तास गेले. सगळं जमलं तेव्हा बाईंनी काकांना जवळ बोलावलं.

"ऐका. काही ऐकू येतंय?"

काकांनी कान दिला. बराच वेळ दिला.

"नाही," ते म्हणाले.

"तेच तर!" बाईंचा चेहरा फुलला. घरी नवरा, नवऱ्याचा टीव्ही आणि टीव्हीशी भांडणारा नवरा अशा तिघांत संसार करणाऱ्या बाईंना शांततेसारखी दुसरी चैनीची वस्तू माहीत नव्हती. ती त्यांनी काकांना वर फुकट दिली होती.

त्या दिवशी दोन गोष्टी बाईंना दिसल्या, पण डोक्यात शिरल्या नाहीत. टेबलापुढे एक खुर्ची होती, तिच्यावरची उशी मध्ये दबलेली. बाई बसायला गेल्या तर काका लगबगीने पुढे आले आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. आणि पडद्याशेजारी झाकण ठेवलेला पाण्याचा पेला होता. आपल्यासाठीच ठेवलाय असं समजून बाईंनी तो घटाघटा पिऊन टाकला. काका बघत राहिले. थोड्या वेळाने पेला आत नेऊन, भरून, झाकून त्यांनी पुन्हा तिथेच आणून ठेवला. माणसाला अगत्य किती, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या तक्रारीनंतर बाईंनी मुलीला फोन केला होता. वाईट हेतू काहीच नव्हता. चालू मशीनला बाबा बंद म्हणतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मुलगी म्हणाली, "शेजारच्या मावशीही सांगतात, दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतात. झोपत नाहीत, धड जेवत नाहीत. ताई, तुम्ही एकदा परत जा आणि मला खरं काय ते सांगा. त्यांचं डोकं ठिकाणावर नसेल तर मी रविवारी येते, घर बंद करते आणि त्यांना घेऊन जाते."

म्हणजे आता बाईंच्या एका शब्दावर एक घर टांगलेलं होतं. कॉम्प्युटर तपासायला आलेल्या बाईला माणूस तपासायला लावलं होतं. ते ओझं घेऊनच त्या आज आल्या होत्या.

काकांची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. शर्टाची बटणं मात्र व्यवस्थित लावलेली. बाईंची नजर पडद्याशेजारी गेली. पेला होता. भरलेला, झाकलेला. आज येते असं बाईंनी कळवलं नव्हतं. मग हा कुणासाठी?

त्या स्टुलावर बसल्या. क्लासात त्या शिकणाऱ्यांकडून एक गोष्ट घोकून घेत असत: गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, त्याला काय दिसलं ते आधी विचारा. स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन्ही खेपांना त्यांनी काकांना काहीच विचारलं नव्हतं, नुसतंच दाखवलं होतं.

"काका, बंद आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"ऐकू येत नाही ना," काका म्हणाले. हे कुणीतरी विचारावं म्हणूनच ते थांबले असावेत. "मी पंपहाउसला होतो. एकतीस वर्षं रातपाळी. तिथे काय दिवे बघून पंप चालवतात होय? दिवा लागलेला असायचा आणि पंप बंद. काटा हलत असायचा आणि पंप बंद. कान सांगेल तेच खरं. आवाज नाही म्हणजे मशीन बंद."

"पण हा काही पंप नाही."

"नाहीच. हा तिचा आहे." काकांनी भिंतीला हात टेकला. भिंतीपलीकडे त्यांची झोपायची खोली होती. "मी सकाळी यायचो आणि आडवा व्हायचो. ती नऊला कामाला बसायची. लोकांचे प्रबंध, अर्ज, करारनामे, काय येईल ते. आधी टाइपरायटर होता, मग हा आला. मी पलीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेला. पंखा सुरू झाला की समजायचं, बसली. मध्येच खरखर झाली की समजायचं, एक पान झालं. मग माझा डोळा लागायचा. नोकरी संपली, पण झोप दिवसाचीच राहिली."

"आणि काकू गेल्यावर?"

"नऊला मी हा लावायचो, पाणी ठेवायचो आणि जाऊन पडायचो." काकांनी बाईंकडे सरळ पाहिलं. "मला वेड नाही लागलेलं, बाई. ती माझ्या हातांवर गेली. मला काय माहीत नाही? पण आवाज असला की उठून बघावं लागत नाही."

त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

"आता डोळा लागतो न लागतो तोच दचकून जाग येते. मशीन बंद का? ही गेली कुठे? उठतो, येऊन बघतो. खुर्ची रिकामी. जाऊन पडतो. पुन्हा जाग, पुन्हा येतो. दिवसातून दहादा बघायचं ते. एकदा बघितलं होतं तेवढं पुरे नव्हतं का हो?"

बाईंना मान वर करवेना. आपण किती हुशार, म्हणून त्या दिवशी किती फुललो होतो! गेले पंधरा दिवस या माणसाची बायको रोज दहा वेळा जात होती, आणि तिला घालवण्याचं काम त्यांनी मन लावून, स्वच्छ आणि चोख केलं होतं.

"जुनी डिस्क दिली होती मी तुम्हाला. कुठे आहे?"

काका आत गेले. कपाटात काकूंच्या कपड्यांच्या घडीत त्यांनी ती ठेवली होती. बाईंनी पेटीचे स्क्रू काढले, नव्या डिस्कशेजारी जुनी बसवली, तिला वायर जोडली. मग पंखा. पंख्याचा लगाम मशीनच्या हातून काढून आपल्या हातात घेता येतो; एक फाइल असते, तिच्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडा लिहायचा. ती फाइल सापडायलाच अर्धा तास गेला, आणि सापडली तेव्हा भलताच पंखा थांबला. बाईंनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि दुसरी फाइल धरली.

"काका, पलीकडे जाऊन पडा. नेहमीसारखे, भिंतीकडे तोंड करून. डोळे मिटा आणि तिथून सांगा."

काका गेले. खाट करकरली. बाईंनी एकशे वीस लिहिलं.

"हे नाही," भिंतीपलीकडून आवाज आला.

दोनशे.

"बाई, हा तर आमचा दोन नंबरचा पंप झाला!"

बाईंना हसू फुटलं. पलीकडेही बहुतेक फुटलं असावं. एकशे ऐंशी.

"जवळ आलं. पण आज फार घाईत आहे."

एकशे साठ.

"दमल्यासारखं वाटतंय. ती कधी दमायची नाही. दमली तरी दाखवायची नाही."

एकशे अडुसष्ट. पलीकडून काहीच आलं नाही. बाईंनी हात कीबोर्डवरून उचलला आणि वाट पाहिली. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती, तिथे नुसत्या गुळगुळीत खुणा उरल्या होत्या.

"काका?"

"राहू दे तसंच." आवाज बारीक झाला होता. "आता ती खरखर."

बाईंनी जुनी डिस्क उघडली. काकूंच्या फाइली तीन हजारांवर होत्या. अर्ज. करारनामा. प्रबंध प्रकरण चार. प्रबंध प्रकरण चार सुधारित. प्रबंध प्रकरण चार शेवटचं. प्रबंध प्रकरण चार खरंच शेवटचं. बाईंनी चार ओळींचा हुकूम लिहिला: यातली एक फाइल घे, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाच, थोडं थांब, मग पुढची घे. कुणाला दाखवू नकोस, नुसती वाच. संपल्या की पहिल्यापासून सुरू कर.

पेटीतून खर्र झालं. थांबलं. पुन्हा खर्र खर्र.

"हां," भिंतीपलीकडून काका म्हणाले. "बसली."

शेजारी ती खुर्ची होती, तिच्याकडे बघायचा बाईंना धीर होईना. मग त्यांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं की हे सगळं आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था लावली. एक शंका उरली होती. त्या पलीकडच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"काका, एक वाजता बंद होऊ दे का? काकू जेवायला उठत असतील ना?"

काकांनी तोंड वळवलं नाही. "मशीन बंद झालं की लगेच हाक यायची, उठा, पानं घेतलीत म्हणून. मशीन तुम्ही बंद कराल हो. हाक कुठून आणाल? चालू राहू दे. संध्याकाळी मी करीन बंद."

फोन थरथरला. मुलीचा होता. बाई टायपिंगच्या खोलीत परत आल्या.

"ताई, गेला होतात? काय वाटतं? मी रविवारची तयारी करू ना?"

"डोकं माझं ठिकाणावर नव्हतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं उत्तम आहे. मशीनमध्ये मीच बिघाड करून ठेवला होता, तो आज काढला. घर बंद करू नका."

"म्हणजे? मला नीट..." मुलगी बोलता बोलता थांबली. "ताई, मागे कसला आवाज येतोय?"

बाईंनी फोन पेटीजवळ धरला. पंखा चालत होता. खर्र झालं, थांबलं, पुन्हा झालं. बाईंचा हात अवघडला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. फोन कानाला लावला तेव्हा पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"शाळेतून यायचे ना," मुलगी म्हणाली, "तेव्हा दार वाजवायच्या आधीच मला हे ऐकू यायचं. आई आहे, असं कळायचं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "येईन मी रविवारी. नुसती भेटायला."

बाईंनी स्क्रू घट्ट केले, पिशवी भरली. पलीकडे डोकावून पाहिलं. काका झोपले होते, तोंड किंचित उघडं, एक तळवा भिंतीला लावलेला. कुणाच्याही घरातून न सांगता निघायचं नाही, ही बाईंची जुनी शिस्त. पण या माणसाला उठवणं जिवावर आलं. त्या वळल्या, टायपिंगच्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "येते हं काकू. ते झोपलेत. तुम्ही कडी लावून घ्या."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. आत खर्र झालं, पंखा चालत राहिला. बाई बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, चपला पायांत सरकवल्या, आणि आतून कडीचा आवाज यायची वाट बघत तिथेच उभ्या राहिल्या.