चुन्याची वर्तुळं

पुलाला लागून डांबरात पडलेली भेग सोमवारी तीन मिलिमीटर रुंद होती. गुरुवारी सकाळी संघप्रियाने पट्टी लावली, तेव्हा ती पाच भरली.

मुरगूडच्या बाजूचा हा नवा रस्ता एका परदेशी कंपनीने बांधला होता. कामावर देखरेख संघप्रियाच्या तपासणी पथकाची. मातीचा भराव नीट दाबला आहे का, हे जागोजाग खणून बघायचं. पण कुठे खणायचं? कंपनीची माणसं आधीच चुन्याने वर्तुळं आखून ठेवत आणि पथक तेवढ्याच जागी खणे. "एवढ्या लांबनं आल्यात पावणं, मशिनी तरी बघा त्यांच्या!" पथकप्रमुख गणपतराव म्हणत. "त्यांच्यावर संशय घेणं शोभतं व्हय आपल्याला?" दोन वर्षं हाच रिवाज. पुलाजवळ एकही वर्तुळ नव्हतं. तिथल्या कागदावरही संघप्रियाने सही केली होती.

जूनमध्ये याच पुलाजवळ दूधवाले दादासो मोटारसायकल थांबवून म्हणाले होते, "म्याडम, हितं रस्ता बसतोय. रोज क्यान आदळत्यात माझं. एकदा खणून बघा की!"

"बघते," ती म्हणाली होती.

ऑगस्टमध्ये त्याच खळग्यात दादासोंची गाडी उलटली. ते जागीच गेले. कंपनीने खळगा डांबराने भरून टाकला. पण तेव्हापासून प्रयोगशाळेत माती चाळायच्या यंत्रातल्या चाळण्या हलू लागल्या, की तिला रिकामे क्यान आदळल्यासारखे वाटत. ती यंत्र बंद करी. आवाज थांबत नसे. आता ऑक्टोबर लागला होता.

"सोनूबाई, पहार द्या," आज ती म्हणाली.

पथकातल्या मजूर सोनूबाईंनी खाली पाहिलं. "हितं वर्तुळ कुठं हाय?"

"नाही. म्हणूनच."

"आत्ता सुचलं व्हय?" सोनूबाई फटकन बोलल्या. "लुगडं घेताना आपण घडी मोडून आतनं बघतो. दुकानदारानं दावला तेवढाच पदर बघून कोण घेतंय? रस्ता तेवढा तसाच घेतलासा!"

"पाहुण्यांवर अविश्वास दाखवायचा म्हणजे..."

"पावण्याला पोटभर जेवाय वाढा की! काम बघायला लाज कसली? दादासो तर घरचा होता. त्याचं ऐकलं कुनी?"

संघप्रियाने त्यांच्या हातून पहार घेतली. साइडपट्टीवर टेकवली. जोर न लावताच ती वीतभर आत गेली! माती तोलून, सुकवून दुपारी आकडा आला. घट्टपणा सत्त्याण्णव टक्के हवा होता, भरला अठ्ठ्याऐंशी.

कंपनीने मुद्दाम लपवलं का, हे तिला माहीत नव्हतं. आपण पाहिलं नाही, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. वाचकहो, रस्ता कुणीही बांधो, त्यावरून जातात आपलीच माणसं. म्हणून खणायची जागा तपासणाऱ्यानेच निवडली पाहिजे, आणि रोज त्या वाटेने जाणाऱ्याचं आधी ऐकलं पाहिजे.

चारच्या सुमाराला गणपतराव कंपनीच्या साहेबाला घेऊन पुलावर आले. गणपतरावांच्या हातात काम पूर्ण झाल्याचा अखेरचा दाखला होता.

"करा सही, म्याडम. सोमवारपास्नं यष्ट्या सुरू व्हायच्यात."

तिने आकड्याचा कागद पुढे केला. गणपतरावांचा चेहरा उतरला. "चार महिनं गप होतासा की! आत्ताच का?"

"चूक माझीच," संघप्रिया म्हणाली. "दादासोंनी सांगूनही मी पाहिलं नाही, हे अहवालात माझ्या नावानिशी लिहीन. सही मात्र करणार नाही. हा भराव उकरायचा, साहेब. आणि रस्ता आत्ता, या घडीला बंद करायचा!"